दोन दिवसांचं कोल्हापूर : नवशिक्यांसाठी

ज्यांनी कोल्हापूर आजवर फक्त हॉटेलच्या मेनूकार्डावर पाहिलं आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची लालभडक भाजी पुण्यात मिळते, दिल्लीत मिळते, विमानतळावरही मिळते. कोल्हापूरच्या घरात मात्र ती कुणी रांधत नाही. म्हणून पहिली सूचना : ती मागू नका. कुणी रागावणार नाही, पण वाढपी तुमच्याकडे ज्या मायेनं पाहील ती सोसवणार नाही.

पूर्वतयारी

वेळापत्रक आणू नका. ‘नऊ ते साडेनऊ अंबाबाई, पावणेदहाला भवानी मंडप, अकराला न्यू पॅलेस’ असा कागद खिशात घेऊन आलेले पर्यटक दुपारी एकच्या सुमारास हमखास ओळखू येतात. कागद घामानं भिजलेला असतो आणि ते अजून पहिल्याच ठिकाणी असतात. अंतर हे त्याचं कारण नाही. जुनं शहर पायी हिंडण्याएवढंच आहे. अडचण अशी की दोन ठिकाणांच्या मधे माणसं असतात, आणि ती विचारतात, “कुठनं आलासा?” या प्रश्नाचं उत्तर दिल्यावर पुढचा अर्धा तास आपल्या हातात राहत नाही.

कोल्हापुरात तुमचे कुणी पाहुणे (म्हणजे नातेवाईक, इथे दोन्ही एकच) असतील तर त्यांना आधी कळवायचं की नाही, हे नीट ठरवा. कळवलंत तर शहर दिसणार नाही, कारण सकाळी नाश्ता त्यांच्याकडे, दुपारचं जेवण त्यांच्या भावाकडे आणि संध्याकाळचा चहा व्याह्यांकडे. न कळवता आलात आणि महाद्वार रोडवर गाठ पडली, तर पुढच्या पिढीतल्या लग्नांपर्यंत ते ऐकवलं जाईल. लॉजवर खोली घेतल्याचं तर बोलूच नका.

भाषेचं फार दडपण घेऊ नका. “आलासा?”, “बसा की”, “जेवून जावा” एवढं कळलं तरी भागतं. दोन सिनेमे पाहून आलेल्यांनी उतरल्या उतरल्या ‘नाद खुळा’ म्हणू नये. तो शब्द कमवावा लागतो. ‘भावा’ मात्र चालेल. रिक्षावाल्याला चालेल, चप्पलवाल्याला चालेल, वयानं मोठ्या माणसाला चालणार नाही. तिथे ‘मामा’ किंवा ‘काका’ म्हणा.

आगमन आणि पत्ता विचारणे

मुंबईकरांनी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसावं, म्हणजे सकाळी छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर उतरता येतं. मोठ्या नावाचं छोटं स्टेशन आहे, हरवायला होत नाही. पुढे शहरात के.एम.टी.ची बस आहे, रिक्षा आहे. आसपासच्या गावांना जायचं तर वडाप. वडाप म्हणजे भरल्याशिवाय न सुटणारी जीप, आणि ती भरली की नाही हे ठरवण्याचा हक्क एकट्या ड्रायव्हरला. आत बसलेल्यांना ती भरलेली वाटणं हा पुरावा धरत नाहीत.

पत्ता विचारण्याची कृती अशी. कुणाही एकाला विचारा. तो स्वतः सांगण्याआधी शेजारच्याला विचारील. त्या दोघांत वाद होईल. मग तिसरा, ज्याला कुणी विचारलेलंच नव्हतं, तो निकाल देईल : “हितनं सरळ जावा, तिकटीवर उजव्या हाताला वळा, आणि तितं कुणालाबी विचारा.” शेवटचं वाक्य गाळलेला पत्ता कोल्हापुरात आजवर कुणी सांगितलेला नाही. तिकट्या म्हणजे तीन रस्ते मिळतात त्या जागा, आणि त्या पुष्कळ आहेत : मिरजकर तिकटी, पापाची तिकटी. पापाच्या तिकटीवर भेटायचं ठरलं तर बिचकू नका, सभ्य माणसंही तिथेच भेटतात. अंतर विचारू नका. “ह्ये काय, हितंच” हे उत्तर शंभर पावलांनाही लागू आहे आणि दोन किलोमीटरनाही.

देवी

सुरुवात अंबाबाईपासून करावी. बाहेरचे लोक महालक्ष्मी म्हणतात, गावातले अंबाबाई म्हणतात, देवी दोघांना पावते. काळ्या दगडाचं देऊळ आहे. रांगेत वेळ जातो, तेवढ्यात भिंतींवरचं कोरीवकाम पाहून घ्यावं. बहुतेक माणसं रांगेत मोबाइल पाहतात आणि बाहेर आल्यावर ‘मंदिराचं शिल्प अप्रतिम’ म्हणतात.

मूर्ती पश्चिमेला तोंड करून आहे, हे लक्षात ठेवा, कारण त्यावरच किरणोत्सव अवलंबून आहे. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पडतं. निदान पडावं अशी बांधणाऱ्यांची योजना होती. त्यांनी सूर्याचा हिशेब चोख केला, महाद्वार रोडवर पुढेमागे इमारती उठतील हा हिशेब त्यांच्याकडून राहिला. ढग, धूळ, इमारती या सगळ्यांतून वाट काढत किरण कुठवर पोचले याची बातमी त्या दिवसांत निवडणुकीच्या निकालासारखी वाचली जाते. नवशिक्यानं किरणोत्सवाला आलंच पाहिजे असं नाही. गर्दीत किरण देवीपर्यंत पोचले तरी आपली नजर पोचत नाही.

देवळाजवळच गुजरी आहे, सोनारांची गल्ली. कोल्हापुरी साज इथे पाहावा. त्यात २१ पानं असतात, त्यांतल्या १० पानांवर दशावतार. घ्यायचा नसेल तर किंमत विचारू नका. सोनार ताबडतोब साज काढून बायकोच्या गळ्याजवळ धरतो, आणि त्यानंतरचा संवाद या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचा आहे.

मिसळ, आणि मग चप्पल

मिसळ सकाळी खायची. पाव मागू नका, इथे मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस येतात. मुंबईकर हे पाहून ‘पाव संपले काय?’ विचारतो आणि तिथल्या तिथे उघडा पडतो. रश्श्यावरचा लाल थर म्हणजे कट. तो वेगळा मागता येतो, पण पहिल्या सकाळी मागू नये. चांगली मिसळ कुठली, हेही विचारू नये. प्रत्येक पेठेची एक आहे आणि बाकीच्या पेठांना ती पसंत नाही.

खाऊन झालं की चालणं आलंच, म्हणून चप्पल लाइनीत जा. इथे मात्र थोडी अक्कल लागते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना आहे, म्हणजे अथणीच्या बाजूला शिवलेली जोडही हक्कानं कोल्हापुरी. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये हीच चप्पल दिसली आणि कोल्हापूरचं नाव मात्र दिसलं नाही, तेव्हा गावाला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. दुकानदाराशी बोलायला विषय हवा असेल तर हा काढा. भाव कमी होणार नाही, पण खुर्ची मिळेल.

जोड हातात घेऊन उलटी करा. तळ पाहा. अस्सल चपलेचं शिवण चामड्याच्या वादीचं असतं, खिळा नसतो. मग कान पाहा, म्हणजे दोन्ही बाजूंना बाहेर आलेले चामड्याचे तुकडे, त्यांत पट्टा अडकवलेला असतो. पट्ट्यावरची वेणी हातानं विणलेली आहे का पाहा. अंगठ्यात पाय घालून चार पावलं टाका. चप्पल चावेल. चावलीच पाहिजे. चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, ते आपल्या पायाचं ऐकायला आठवडाभर घेतं. तोवर आतून तेल लावत राहा. पहिल्याच दिवशी जी मऊ लागते ती घेऊ नका, त्यात रेक्झिन असण्याची शक्यता फार. पाण्यात घालून मात्र हिंडू नका. पावसाळ्यात रंकाळ्यावर नव्या कोल्हापुरीत फिरणारा माणूस बाहेरगावचाच असतो.

करकर वाजणारी हवी असेल तर तसं सांगा. तिचा आवाज मुद्दाम काढलेला असतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी खालच्या मजल्याचा विचार करून घ्यावी.

जेवण (हा भाग दोनदा वाचा)

बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवारी महादेव, मंगळवारी देवी किंवा गणपती, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती असा ज्याचा त्याचा देव ज्याला त्याला अडवत असतो, म्हणून घरातलं मटण या तीन वारी एकवटतं. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढची रांग हीसुद्धा पाहण्याची गोष्ट आहे. रांगेतला माणूस नुसतं ‘एक किलो’ म्हणत नाही. मांडीचं किती, चापाचं किती, नळी घालायची की नाही, हे तो खाटकाला सांगतो, खाटीक ऐकून घेतो आणि आपल्या मनाप्रमाणे देतो. २०१९ च्या अखेरीस मटणाचे दर वाढले तेव्हा या शहरात आंदोलन झालं. इतरत्र लोक दर वाढले की कमी खातात.

ताटात भाकरी, सुकं, तांबडा, पांढरा, कांदा-लिंबू आणि शेवटी भात येतो. पांढऱ्याला सूप म्हणू नका. त्याची करणी अशी : मटण आलं-लसूण-मीठ लावून भरपूर पाण्यात शिजवतात, ते पाणी म्हणजे अळणी. त्यात तीळ, खसखस आणि काजूचं वाटण, वर ओल्या नारळाचं दूध, आणि लवंग-दालचिनी-मिरीची फोडणी. नारळाचं दूध पडल्यावर जोराची उकळी आली की रस्सा फुटतो, म्हणून आच मंद ठेवून तो ढवळत उभं राहावं लागतं. रंगावर जाऊ नका, मिरी घशात गेल्यावर बोलते. त्याच अळणीत कांदा-लसूण चटणी आणि भाजलेलं खोबरं गेलं की तांबडा. चटणी वर्षाची उन्हाळ्यात करून ठेवलेली असते, आणि प्रत्येक घराची वेगळी असते. तांबड्याचा तवंग पाहून पाहुणा घाबरतो. खरं तर नीट केलेला तांबडा चवीला मसालेदार असतो. नुसतं तिखट जाळ लागतंय म्हणजे मसाल्यातली कसर मिरचीनं भरून काढली आहे, एवढं ओळखता आलं की तुमचं नवशिकेपण निम्मं संपलं.

दोन्ही रस्से पुन्हा पुन्हा वाढले जातात. नको असेल तर वाटीवर हात ठेवा. तोंडानं ‘नको’ म्हणणं हे इथे होकारात धरतात. तिखट सोसत नसेल तर लाज न बाळगता अळणी मागा. तान्ह्या मुलांना, आजाऱ्यांना आणि पुण्याहून आलेल्यांना ती देतात. आणि शाकाहारी असाल तर? असा, काही बिघडत नाही. अख्खा मसूर आणि भाकरी मागवा आणि बाकीच्यांची तोंडं पाहत बसा.

जेवणानंतर झोपा. दुपारी दोन ते साडेचार हे पर्यटनस्थळ आहे असं समजा.

संध्याकाळ

उठल्यावर गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळ पेला हातात देतात. शेजारी उभा असलेला लाल मातीचा पोरगा एका पेल्यावर थांबत नाही, कारण तो जवळच्याच तालमीतला असतो. त्याच्याशी पैज लावू नका.

मग रंकाळा. तळ्याकाठी शालिनी पॅलेस आहे, चौपाटी आहे, भेळ आहे. काठाजवळच्या देवळातल्या नंदीची गोष्ट कुणीतरी सांगेलच : तो रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो, आणि ज्या दिवशी तो रंकाळ्यात पोचेल त्या दिवशी जगबुडी. गहू आणि तांदूळ यांतला फरक पाहता आपल्या दोन दिवसांना धोका नाही.

दुसरा दिवस : जे बहुतेक जण पाहत नाहीत

इथपर्यंतचं कोल्हापूर सगळेच करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून गाडी काढतात आणि पन्हाळ्याला जातात. पन्हाळा मोठाच आहे. १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा, तिथून बाजीप्रभूंच्या पावनखिंडीकडे निघालेली रात्र, तीन दरवाजा, अंबरखाना, आणि २०२५ पासून युनेस्कोच्या यादीत. पण दोन तासांत उरकायची जागा ती नव्हे. पन्हाळ्यासाठी वेगळे या. फक्त ‘झुणका-भाकर खाल्ली, फोटो काढले’ एवढ्यासाठी २० किलोमीटर चढू नका.

त्याऐवजी शाहू महाराजांचं शहर पाहा. त्याला तिकीट नाही म्हणून त्याची जाहिरातही नाही. दसरा चौकापासून निघा. आजूबाजूला जुन्या इमारतींवर वेगवेगळ्या समाजांच्या बोर्डिंगांच्या पाट्या दिसतील. खेड्यातल्या पोरांना शहरात शिकायचं तर राहायचं कुठे, हा प्रश्न महाराजांनी असा सोडवला, आणि २६ जुलै १९०२ ला संस्थानातल्या नोकऱ्यांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांना राखून ठेवल्या. तेव्हा त्यांचं वय २८ होतं. या चौकात सेल्फी काढणारे फार नसतात, उभं राहायला जागा मिळते.

तिथून बिंदू चौक. महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे इथे ९ डिसेंबर १९५० ला उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा हयात होते, हे घरी गेल्यावर कुणालातरी सांगा. बहुतेकांना माहीत नसतं.

मग टाऊन हॉल. बाग आहे म्हणून लोक बागेतच बसतात, आत जात नाहीत. आत जा आणि पोसायडन शोधा. ग्रीकांचा समुद्रदेव, ब्राँझचा, छोटासाच, पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीत १९४० च्या दशकात सापडला. समुद्र सह्याद्रीपलीकडे, आणि देव इकडे. सातवाहनांच्या काळात रोमशी चालणाऱ्या व्यापारातून तो इथवर आला. घाट चढून आलेला सगळ्यात जुना पाहुणा हाच, आणि अंदाजानं तोही तिकटीवर कुणालातरी पत्ता विचारतच आला असावा. टाऊन हॉल आणि न्यू पॅलेस या दोन्ही इमारती मेजर मँट या एकाच इंग्रज वास्तुकाराच्या. न्यू पॅलेस १८८४ मध्ये पुरा झाला. आत शस्त्रं आहेत आणि पेंढा भरलेले इतके वाघ आहेत की एक पाहून दुसऱ्याकडे वळावंसं वाटत नाही. लहान मुलं मात्र सगळे मोजतात.

खासबाग मैदान चुकवू नका, कुस्ती नसली तरीही. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते, रोमचं भव्य रिंगण त्यांनी पाहिलं आणि १९१२ मध्ये इथे कुस्तीचं मैदान उभं केलं. हौद्याभोवती बैठक अशी चढत नेली आहे की मागच्या माणसालाही पुढच्याच्या डोक्याआडून पाहावं लागत नाही. मोकळ्या मैदानात वरच्या पायरीवर बसून पाहा. मुंबईतल्या बऱ्याच नाट्यगृहांना हे अजून साधलेलं नाही. शेजारचं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. रस्त्यावर उभी राहून माणसं रडली. त्या जागेपुढे विनोद करायचा नसतो, पुढे चला.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक दिसेल. बाबूराव पेंटरांनी इथेच देशी कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा चित्रपट काढला. ‘प्रभात’ फिल्म कंपनीही १९२९ मध्ये कोल्हापुरातच सुरू झाली, पुण्याला गेली ती नंतर. पुणेकरांशी बोलताना ही तारीख जपून वापरा.

आंदोलन पाहणे

एखादं आंदोलन पाहिल्याशिवाय कोल्हापूर पुरं होत नाही. वाट पाहावी लागणार नाही. इथल्या कृती समित्या कायमच्या असतात, फक्त विषय बदलतो. टोल नको म्हणून हे शहर कित्येक वर्षं रस्त्यावर होतं, शेवटी टोल गेला. खंडपीठासाठी वकील काही दशकं झगडले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. त्याच पावसाळ्यात नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण गुजरातला नेली, तेव्हा हजारो लोक पायी चालत जिल्हाधिकारी कार्यालयावर आले. मोर्चा दिसला तर बाजूला उभे राहा आणि विषय विचारा. दोन मिनिटांत तुमच्या हातात पाण्याची बाटली असेल आणि पाचव्या मिनिटाला फलक.

फुटबॉलचा सामना असेल तर शाहू स्टेडियमवर जा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ अशी संघांची नावं ऐकून कुस्ती समजू नका. कुणाच्या बाजूचे आहात असं विचारलं तर आपण ज्या गर्दीत बसलो आहोत तिच्या बाजूचे, असं सांगा.

परत

परतीचं तिकीट रात्रीच्या गाडीचं काढा, दुपारच्या जेवणाआधीची गाडी धरू नका. गूळ घ्यायचा तर हंगामात, थंडीत, गुऱ्हाळावरचाच घ्या. पांढराशुभ्र दिसतो तो सोडा, गडद रंगाचा घ्या. आणि सोमवारी येऊ नका. टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय सोमवारी बंद असतं, आणि मटणाचा वारही तो नव्हे.